खालीत वाजलेला अल्बम : मेटॅलिकाचा '...अँड जस्टिस फॉर ऑल'

श्रोतेहो, नमस्कार.

मित्राने भरून दिलेली ही कॅसेट मी पहिल्यांदा लावली, तेव्हा आमच्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर गेला आहे अशी माझी खात्रीच झाली. बेसची कळ शेवटपर्यंत फिरवून पाहिली, हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, बाजू उलटून पाहिली. पण गिटारींची करवत आणि टाइपरायटरसारखा टकटकणारा ड्रम यांच्या खाली जो भरीव खर्ज असायला हवा, तो काही येईना. टेपरेकॉर्डर ठणठणीत होता. मेटॅलिका या अमेरिकन थ्रॅश मेटल (अतिवेगवान, कडक रॉक) बँडने १९८८ मध्ये आपला चौथा अल्बम, '...अँड जस्टिस फॉर ऑल', असाच प्रसिद्ध केला होता आणि त्यावरून चाहत्यांमध्ये पेटलेला वाद अजून विझलेला नाही.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनच्या दौऱ्यात बँडची बस उलटली आणि बेस गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. काही आठवड्यांतच त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, आणि १९८८ च्या पहिल्या काही महिन्यांत लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत, फ्लेमिंग रासमुसेन या डॅनिश निर्मात्याच्या हाताखाली, या अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले. रचनांची सूत्रे गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड आणि ड्रमर लार्स उलरिक यांच्या हातात होती; न्यूस्टेडचे नाव रचनाकार म्हणून 'ब्लॅकन्ड' या एकाच गाण्यावर आहे.

अल्बममध्ये गाणी नऊच, पण ती तब्बल पासष्ट मिनिटे चालतात. शीर्षकगीतच पावणेदहा मिनिटांच्या घरात जाते. त्यात एक रिफ, म्हणजे गिटारीचा परत परत येणारा तुकडा, कानात रुजतो न रुजतो तोच दुसरा येतो, मात्रांची संख्या बदलते, मग पहिला रिफ परत येतो, पण त्याची शेपूट छाटलेली असते. यावरूनच दोन तट पडले. एकाला ही थ्रॅशची सर्वांत प्रगल्भ रचना वाटते, तर दुसऱ्याला निव्वळ आकडेमोड. बँडलाही हे गाणे रंगमंचावर जड गेले. दौरा संपल्यावर ते बाजूला पडले, ते थेट २००७ मध्ये पुन्हा वाजले. 'द फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी' हे गाणे मैफलीत पूर्ण ऐकायला तर चाहत्यांना २०१४ पर्यंत थांबावे लागले.

दुसरी तक्रार बेसची. न्यूस्टेडने सगळे वाजवले होते, आणि चांगले वाजवले होते, असे रासमुसेनने नंतर अनेकदा सांगितले आहे. मिक्सिंग, म्हणजे वाद्यांचे आवाज कमी-जास्त करून एकत्र जुळवण्याचे काम, करणाऱ्या स्टीव्ह थॉम्प्सनच्या सांगण्यानुसार बेस जेमतेम ऐकू येईल इतका खाली आणा आणि मग आणखी उतरवा, अशी सूचना उलरिकची होती. नव्या माणसाला दिलेली वागणूक यामागे होती असे बरेच जण मानतात, आणि ते अगदीच निराधार नसावे. पण कारण तेवढेच नव्हते. न्यूस्टेड बहुतेक ठिकाणी गिटारचाच रिफ जसाच्या तसा वाजवत होता, आणि हेटफील्डच्या गिटारीतून मधले स्वर कोरून काढलेले, खालचे फुगवलेले असल्यामुळे बेसच्या वाट्याची जागा आधीच व्यापली गेली होती.

या दोन तक्रारी नेहमी वेगवेगळ्या मांडल्या जातात. मला मात्र त्या एकच वाटतात, आणि ते समजावण्यासाठी मी तबल्याकडे जातो. तीनताल चालू असताना खालीच्या, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडतात त्या, भागात खर्जाचा डग्गा गप्प होतो, नुसती चाट ऐकू येते. पुढे डग्गा पुन्हा भरला की सम जवळ आली हे मात्रा न मोजणाऱ्या कानालाही कळते. हिशेब बोटांवर नसतो, तो पोटात असतो, आणि तिथे तो खर्जामुळे पोचतो. हा अल्बम म्हणजे पासष्ट मिनिटांची खाली आहे. ताल जितका वाकडा, तितकी श्रोत्याला खर्जाची गरज अधिक, आणि नेमक्या त्याच वेळी या मंडळींनी डग्गा उचलून घरी ठेवला. मग रचना आकडेमोड वाटली, तर त्यात श्रोत्याचा काय दोष? गिटारीच्या एका संगणकीय खेळामुळे पुढे यातील वाद्यांचे सुटे ट्रॅक हाती आले, तेव्हा चाहत्यांनी बेस वर काढलेल्या आवृत्त्या घरीच तयार केल्या. त्या ऐकताना शीर्षकगीताची वळणे मला प्रथमच पायाने कळली. तरी ते गाणे दोन मिनिटांनी लांबलेलेच आहे, हे माझे मत बदलले नाही. बँडने स्वतः मात्र २०१८ च्या नव्या आवृत्तीतही बेसला हात लावला नाही.

ग्रॅमीचा किस्सा अनेकांना ठाऊक असेल. १९८९ मध्ये हार्ड रॉक आणि मेटलचा पुरस्कार पहिल्यांदाच दिला गेला, तो मेटॅलिकाऐवजी जेथ्रो टल या बासरीवाल्या बँडला मिळाला आणि सभागृह चकित झाले. दोन वर्षांनी मेटॅलिकाने आटोपशीर गाण्यांचा, भरपूर बेस असलेला पुढचा अल्बम काढला.

या सगळ्या वादातून एक गाणे मात्र सहीसलामत सुटले आहे, ते म्हणजे 'वन'. डाल्टन ट्रंबोच्या १९३९ च्या कादंबरीतला सैनिक पहिल्या महायुद्धात हात, पाय, डोळे, कान, वाचा सगळे गमावून बसतो आणि उशीवर डोके आपटून मोर्सच्या खुणांनी बोलू पाहतो. हे गाणे त्याचे आहे. सुरुवातीला तोफा, मग एकटी, स्वच्छ गिटार. चार मिनिटे उलटून गेल्यावर उलरिकचे दोन्ही पाय सहा-सहा ठोक्यांच्या फैरी झाडू लागतात, गिटार त्याच फैरींना चिकटते, आणि इथे कोरडा, खर्ज हरवलेला आवाज कानाला खटकत नाही, कारण ज्याचे शरीरच उरलेले नाही अशा माणसाच्या कवटीत आपण बसलेलो असतो. साडेसात मिनिटांच्या आतले हे गाणे आता आपण पूर्ण ऐकणार आहोत. रेडिओची बेसची कळ आहे तिथेच राहू द्या.