बाळंतिणींचा कक्ष खाली आला त्याची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

मे २०१०. अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. पुन्हा सांगतो, एका महिन्यात तेराशे चव्वेचाळीस जास्त. ऊन जुनं दुखणं उसळवतं, हृदयाचं, मूत्रपिंडाचं. दाखल्यावर नाव त्या दुखण्याचं लागतं. म्हणून उन्हाळ्यात एकूण मृत्यू मोजायचे, नुसता उष्माघात नाही.

त्याच उन्हाळ्यात महापालिकेच्या शारदाबेन रुग्णालयात तान्ही बाळं अतिदक्षता विभागात यायला लागली. अंग चटकतंय, पण जंतुसंसर्ग काही सापडत नाही. बाळंतिणींचा कक्ष होता थेट वरच्या मजल्यावर, डोक्यावर उघडी गच्ची! स्लॅब दिवसभर ऊन पितो, रात्रभर ते खाली सोडतो आणि पंखा तीच तापलेली हवा फिरवतो. तान्ह्या बाळाला धड घाम येत नाही, त्यात दुपट्यात गच्च गुंडाळायची आपली रीत. मग रुग्णालयाने काय केलं? कक्ष खालच्या मजल्यावर आणला. बस्स, एवढंच. पुढे अभ्यासकांनी आकडे मांडले. ४२ अंशांच्या वर दर अंशाला उष्णतेमुळे दाखल होणारी बाळं ४३ टक्क्यांनी वाढत होती. कक्ष खाली आल्यावर अशी दाखल होणारी बाळं ६४ टक्क्यांनी कमी झाली. चौसष्ट टक्के, श्रोतेहो, खाटा हलवून!

२०१३ मध्ये अहमदाबादने उष्णता कृती आराखडा केला. ४१ अंशांच्या पुढे पिवळा इशारा, ४३ च्या पुढे केशरी, ४५ ला लाल. नागपूरने २०१६ मध्ये तीच वाट धरली. मात्र हे आकडे मुंबईने जसेच्या तसे उचलू नयेत. दमट हवेत ३७ अंशही जीव काढतात. आणि जाता जाता, झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकणाऱ्यांना एकदा भर दुपारी त्यावर अनवाणी उभं करावं. असो.

अहमदाबादने पुढे वस्त्यांमधल्या घरांची छपरंही पांढरी केली. तुमच्या गच्चीसाठी साधा चुना चालतो. चुनकळी रात्रभर भिजवायची. भिजताना ती उकळते, मुलांना लांब ठेवा, डोळे जपा. सकाळी फडक्यातून गाळून ताकाइतकी पातळ करा, थोडा डिंक घाला. आधी गच्ची झाडून, धुऊन ओलसर ठेवायची. तापलेल्या स्लॅबवर हात मारला तर चुना झटकन सुकतो आणि पुढे भुकटी होऊन उडतो. म्हणून संध्याकाळी, संध्याकाळीच, दोन पातळ हात. पहिला वाळल्याशिवाय दुसरा नाही. धूळ बसली की पांढरेपणा जातो, अधूनमधून झाडत राहा. पावसात तो धुपणारच. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा हात मारायचा. पत्र्यावर मात्र चुना धरत नाही, पापुद्रे सुटतात. तिथे ऊन परतवणारा पांढरा रंगच लावा.