जीज बेंडचे पेटवे

ही अलाबामा नदी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या विलकॉक्स काउंटीत ती एवढा मोठा वळसा घेते की मधला तुकडा तीन बाजूंनी पाण्यात जातो, आणि त्या तुकड्यावर हे गाव, जीज बेंड.

आता या कबरींवरची नावं वाचा. पेटवे, पेटवे, परत पेटवे, मधेच एखादा बेंडॉल्फ, एखादा यंग. सगळे एका रक्ताचे नाहीत. 1816 मध्ये जोसेफ जी इथं आला आणि त्याने कापसाचा मळा सुरू केला, पुढं जी कुटुंब कर्जात बुडालं आणि 1845 मध्ये जमीन, त्यावरची गुलाम माणसं, सगळं कर्जापोटी मार्क पेटवे या नातेवाइकाकडं गेलं. मग हा पेटवे नॉर्थ कॅरोलिनाहून बिऱ्हाड घेऊन निघाला, घरचे लोक गाड्यांत आणि त्याच्या मालकीची 100 च्या आसपास माणसं पायी, शेकडो मैल. आज इथं जे राहतात ते बरेचसे त्यांचेच पणतू-खापरपणतू. 1865 मध्ये गुलामी गेली, मालकाचं आडनाव लोकांकडं राहिलं आणि जमीन मालकाकडं, ती हे लोक वाट्याने कसत राहिले.

बी उधार, खत उधार, पीक आलं की नदीपलीकडच्या कॅमडेन गावातल्या व्यापाऱ्याची फेड, असं सगळं चालायचं. कापसाचा भाव कोसळला, उधारी साचत गेली, आणि 1932 मध्ये तो व्यापारी वारल्यावर त्याच्या बायकोने वसुलीला माणसं धाडली. साठेक कुटुंबांचं खेचरं, नांगर, मका, रताळी, कोंबड्या, जे दिसेल ते गाड्यांत भरून नेलं. तो हिवाळा लोकांनी रेड क्रॉसच्या पिठावर काढला.

हे फोटो 1937 चे, सरकारी फोटोग्राफर आर्थर रोथस्टीनचे. ओंडक्यांची घरं, आणि थंडी आत येऊ नये म्हणून भिंतींना चिकटवलेली वर्तमानपत्रं. रूझवेल्टच्या सरकारने तो मळाच विकत घेतला, त्याचे तुकडे पाडले, शंभरेक नवी घरं बांधली, शाळा, दुकान आणि कापसाचं जिनिंग उभं केलं, आणि 1940 च्या दशकात हीच घरं नि शेतं कमी व्याजाच्या कर्जावर लोकांच्या नावावर झाली. जीज बेंडबद्दल लोक इथल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्यांपासून सुरुवात करतात, पण मला वाटतं आधी हे बघायला हवं. दक्षिणेत आजूबाजूची किती कृष्णवर्णीय कुटुंबं शहरांकडं गेली, इथली बरीच टिकली, कारण पायाखालची जमीन त्यांची झाली.

आणि या गोधड्या. ही मिसूरी पेटवे यांची, 1942 ची. नवरा वारल्यावर त्याचे कामाचे कपडे फाडून केलेली, गुडघ्याची जागा अजून वेगळ्या रंगाची दिसते बघा. ही दुसरी कॉर्डरॉयची. गावातल्या बायकांनी 1966 मध्ये फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली, 1972 पासून सिअर्स कंपनीसाठी उशांचे अभ्रे शिवायचं काम मिळालं, त्यातली उरलेली चिंधी घरी यायची आणि तिच्या अशा पट्ट्या व्हायच्या. कागदावर नकाशा नाही, मधे एक चौकोन लावायचा आणि भोवती पट्ट्या वाढवत न्यायच्या, याला हाउसटॉप म्हणतात. आई लावायची ते बघत मुलगी शिकायची. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये या गोधड्या भिंतीवर लागल्या, 2006 मध्ये 10 गोधड्या टपाल तिकिटांवर आल्या.

धरणाने 1960 च्या दशकात नदीकाठची चांगली शेतं पाण्याखाली घातली.

ही फेरी, म्हणजे नदी ओलांडायची बोट. 1965 च्या सुरुवातीला या काउंटीत एकाही कृष्णवर्णीयाचं नाव मतदारयादीत नव्हतं, लोक नोंदणीसाठी पलीकडं कॅमडेनला जायला लागले होते, आणि 1962 मध्येच फेरी बंद केली गेली. समोर दिसणाऱ्या गावाला जायला 60 किलोमीटरच्या वर रस्ता. मार्टिन लूथर किंग 1965 मध्ये इथं येऊन गेले, मतदानाचा कायदा झाला, तरी फेरी परत यायला 2006 उजाडलं. 2019 पासून ती बॅटरीवर चालते, पलीकडं पोचायला पंधराएक मिनिटं लागतात.