झोप येण्याआधीचा निर्णय

श्रोतेहो, नमस्कार. लांब पल्ल्याचा मालट्रक एकट्याने चालवण्यात माझी २२ वर्षे गेली, आणि आज आपल्याशी बोलायचे आहे ते या कामातील झोपेविषयी. झोपेचे नाव काढले की लोकांना आळस आठवतो. आमच्या धंद्यात मात्र ब्रेक आणि टायर यांच्याइतकीच झोपेची काळजी घ्यावी लागते, आणि हे मला फार उशिरा उमगले.

एका पहाटे, साडेचारच्या सुमारास, रस्त्याच्या कडेला मुद्दाम खडबडीत केलेल्या पट्टीवर माझ्या गाडीची एका बाजूची चाके गेली आणि स्टेअरिंग हातात थरथरले, तेव्हा मी जागा झालो. ‘जागा झालो’ असे मी विचारपूर्वक म्हणतो, कारण त्या क्षणापर्यंत आपले डोळे उघडे आहेत अशीच माझी समजूत होती. मागे एक लांबलचक पूल होता. तो आपण केव्हा ओलांडला हे काही केल्या आठवेना. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते, म्हणजे चार सेकंद डोळा लागला तर जवळजवळ ९० मीटर रस्ता चालकाविना मागे पडतो. आणि यातील सर्वांत लाजिरवाणी गोष्ट अशी की, त्याआधी दहा-पंधरा मिनिटांपूर्वीच मी स्वतःला विचारले होते, अजून तासभर जमेल का, आणि अगदी मनापासून उत्तर दिले होते की, सहज जमेल.

मला आज जे सांगायचे आहे त्याचे मूळ त्या उत्तरात आहे. थकलेला मेंदू आपल्याच थकव्याचे मोजमाप करू शकत नाही. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना सलग १४ रात्री ठरावीक तासच झोपू देण्यात आले. ज्यांना रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळाली, त्यांची सावधानता दिवसागणिक ढासळत गेली आणि अखेरीस एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खाली आली. पण तुम्हाला किती झोप येते आहे असे विचारल्यावर मात्र त्यांना आपण फारसे बिघडलो आहोत असे वाटतच नव्हते. त्याआधी, १९९७ साली, ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी दाखवून दिले होते की, सतत १७ तास जागे राहिलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते. दारू प्यायलेल्या चालकाला कोणीतरी अडवतो, निदान त्याचा वास तरी येतो. जागरणाला वास नसतो, आणि शेजारच्या सीटवर कोणी नसेल तर जांभया मोजणाराही कोणी नसतो.

म्हणून झोपेचा निर्णय झोप येण्याआधी, म्हणजे डोके ताजे असताना, शक्यतो निघण्यापूर्वीच घ्यावा असे माझे ठाम मत झाले आहे. कुठे थांबायचे, किती वाजता थांबायचे आणि ती जागा भरलेली असेल तर त्याआधीची कोणती, हे मी आता निघतानाच कागदावर लिहितो. पुढे रस्त्यावर मला कितीही ताजेतवाने वाटले तरी त्या कागदाशी वाद घालायचा नाही, एवढा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

आता शरीराचे गणित थोडे समजून घेऊ. १९८२ साली अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने मांडलेल्या उपपत्तीनुसार झोपेमागे दोन यंत्रणा काम करतात. जितके तास आपण जागे राहतो तितका झोपेचा दाब वाढत जातो. मेंदूत साठत जाणारे अ‍ॅडिनोसिन हे रसायन त्याचे एक कारण आहे. दुसरी यंत्रणा म्हणजे शरीराचे घड्याळ, जे उजेडावर चालते आणि आपण किती वेळ जागे आहोत याची पर्वा न करता पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान शरीराला मंदावते. दुपारीही त्याची एक लहान उतरण असते. रात्रभर गाडी हाकणाऱ्याच्या बाबतीत साठलेला दाब आणि घड्याळाची उतरण नेमक्या एकाच वेळी, पहाटे, गाठ घालतात. माझी ती साडेचारची वेळ योगायोगाची नव्हती.

हे घड्याळ हुकमाने सरकत नाही. ते रोज साधारण एखाद्या तासाने हलते, आणि पुढे, म्हणजे उशिराकडे, जितक्या सहज जाते तितक्या सहज मागे येत नाही. कामाचे वेळापत्रक मात्र त्याला नेमके मागे ओढते. अमेरिकेतील नियमाचे उदाहरण घ्या. तेथे सलग दहा तास सुटी घेतल्यावर चालकाला ११ तास गाडी चालवता येते. मधली अर्ध्या तासाची सक्तीची विश्रांती धरली तरी पूर्ण फेरा साडेएकवीस तासांत संपतो, आणि जो चालक नियमाचा कण न् कण वापरतो त्याची निघण्याची वेळ रोज अडीच तासांनी अलीकडे येत जाते. आज सकाळी आठ, उद्या साडेपाच, परवा पहाटे तीन. वहीत एकही चूक नसते, आणि तरी तिसऱ्या दिवशी माणूस आपल्या मध्यरात्री गाडी चालवत असतो. नियम वाईट आहेत असे मी म्हणत नाही; ते नसते तर आमचे काय झाले असते ते जुन्या चालकांना विचारावे. पण नियम विश्रांतीचे तास ठरवू शकतो, त्या तासांत झोप लागेल की नाही हे ठरवू शकत नाही.

त्यातच गोदामासमोरचे ताटकळणे असते. माल भरायला किंवा उतरवायला चार-चार तास नंबर लागत नाही, आणि दर वीस मिनिटांनी गाडी दहा फूट पुढे घ्यावी लागते. याला कागदोपत्री काय म्हणायचे ते म्हणा, ही विश्रांती नव्हे. मी पोहोचताच तेथील माणसाला एवढेच विचारतो की, पुढचे दोन तास मला हलावे लागेल का. उत्तर ‘नाही’ असेल तर लगेच आडवा होतो.

वेळा रोज बदलणारच असतील तर निदान काही तास पक्के ठेवावेत. चोवीस तासांतील चार तासांची झोप रोज एकाच वेळी घेतली आणि उरलेली सवडीनुसार घेतली, तरी शरीराचे घड्याळ बरेच स्थिर राहते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. मी सकाळी सहा ते दहा हे तास असे राखून ठेवले आहेत. माल कोणत्याही वेळी पोहोचवायचा असो, त्या तासांत मी गाडी घेत नाही, आणि काम ठरवून देणाऱ्या माणसाला हे मी फेरी स्वीकारतानाच सांगतो. याने दोन-तीन फेऱ्या हातच्या गेल्या, हे खरे आहे.

दिवसा केबिनमध्ये झोपणे ही एक कला आहे. पडद्याच्या कडेने येणारी बोटभर उजेडाची तिरीप नेमकी पापणीवर पडते, म्हणून मी पडद्याला कापडी चिमटे लावतो आणि वर डोळ्यांवर पट्टी बांधतो. गाडी उभी करताना सूर्य दोन तासांनी कोणत्या बाजूला असेल हे पाहून तोंड फिरवतो. मालाला गारवा देणाऱ्या यंत्राची गाडी शेजारी असेल तर जागा बदलतो, कारण ते यंत्र थांबून थांबून सुरू होते आणि सलग आवाजापेक्षा असा आवाज जास्त छळतो. फोन बंद करण्याऐवजी घरच्यांचे नंबर तेवढे चालू ठेवतो. पूर्ण बंद केला की काळजीनेच जाग येते.

वाटेत पेंग आलीच तर खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे या सर्वांचा परिणाम फार थोडा वेळ टिकतो. खरा उपाय सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटे डोळे मिटण्याचा आहे. त्याआधी कपभर कॉफी घेतली तर तिचा असर साधारण अर्ध्या तासात चढतो, म्हणजे जाग येते तेव्हा ती कामाला लागलेली असते. मात्र उठल्याबरोबर चावी फिरवू नये. झोपेचा जडपणा उतरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, तेवढ्यात गाडीभोवती एक फेरी मारून टायर पाहून घ्यावेत. आणि कॉफीतील कॅफिनचा निम्मा भाग पाच तासांनंतरही अंगात असतो, तेव्हा मुख्य झोपेच्या आधीच्या सहा तासांत मी तिला हात लावत नाही.

इतके करूनही कोणाला सात-आठ तास झोपून थकवा राहत असेल, जोरात घोरण्याची सवय असेल आणि सकाळी डोके दुखत असेल, तर त्याने झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. तासन् तास बसून वजन वाढलेल्या चालकांत हा विकार सर्रास आढळतो, आणि एकट्याने झोपणाऱ्याला आपला श्वास अडतो हे सांगणारे कोणी नसते. परवाना जाईल या भीतीने मी स्वतः दोन वर्षे टाळाटाळ केली. आता हवेच्या दाबाचे छोटे यंत्र माझ्या उशाशी असते, त्याची नळी पडद्याच्या दांडीवरून घेतलेली असते, आणि गाडीचे इंजिन बंद असतानाही ते रात्रभर चालावे म्हणून मी एक वेगळी बॅटरी बसवून घेतली आहे.