गुडघ्यातला निरोप

नमस्कार. कॅन्सरच्या वॉर्डात एक प्रसंग वारंवार घडतो. रुग्णाला तहान आवरत नाही, लघवी सारखी होते, शौचाला खडा धरतो आणि एके सकाळी घरचे सांगत येतात, "बाबा कालपासून असंबद्ध बोलताहेत." सगळ्यांची समजूत, आजार मेंदूत गेला. रक्त तपासावं तर कॅल्शियम ९-१० च्या जागी १४. सलाइन चढवलं, कॅल्शियम उतरवणारं इंजेक्शन दिलं की बरेचदा काही दिवसांत बाबा नातवाला नावाने हाक मारतात. आज मी या १४ आकड्यापासून निघणार आहे आणि शाळकरी पोराच्या गुडघ्यापाशी थांबणार आहे.

हे कॅल्शियम येतं कुठून? तुम्ही म्हणाल, गाठ हाडात शिरली, तिने हाड पोखरलं, चुना रक्तात उतरला. डॉक्टरही तेच म्हणायचे. १९४१ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एका रुग्णावर बोलताना फुलर अल्ब्राइट अडले. रुग्णाला मूत्रपिंडाचा कॅन्सर होता, हाडात एक गाठ होती. हाड कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून बनलेलं; विरघळलं तर दोन्ही वाढायला हवेत. याचं फॉस्फेट उलट घसरलेलं. कॅल्शियम वर, फॉस्फेट खाली, ही तऱ्हा गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाची. त्या गाठीला किरणोपचार दिल्यावर रक्त ताळ्यावर आलं. अल्ब्राइट यांनी तर्क मांडला की गाठ स्वतःच तसलं काहीतरी तयार करत असावी.

तर्क बरोबर होता, पण वस्तू हाती लागायला १९८७ उजाडलं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला जॉन मार्टिन यांच्या गटाने फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी वाढवून त्यांतून एक प्रथिन वेगळं काढलं. अमेरिकेतले गटही त्याच सुमारास तिथे पोचले. या प्रथिनाची पहिली १३ अमिनो आम्लं पॅराथायरॉइडच्या संप्रेरकाशी ताडून पाहिली तर त्यांतली ८ तंतोतंत तीच. एवढ्या साम्यावर ते त्याच रिसेप्टरला लागतं. कुलूप एक, किल्ल्या दोन. नाव ठेवलं पीटीएचआरपी, म्हणजे पॅराथायरॉइड संप्रेरकासारखं प्रथिन. नाव ठेवताना शास्त्रज्ञ दमलेले असावेत.

आता मला या कथेतला सगळ्यात आवडणारा भाग. निसर्गाने हे प्रथिन कॅन्सरसाठी तर ठेवलेलं नसणार, मग निरोगी शरीरात त्याचं काम काय? १९९४ मध्ये, योगायोगाने अल्ब्राइट यांच्याच हॉस्पिटलात, हेन्री क्रोनेनबर्ग यांच्या गटाने त्याचं जनुक नसलेले उंदीर तयार केले. पिल्लं जन्मताच मेली. पाय आखूड, आणि बरगड्यांच्या टोकाची जी कूर्चा मऊ राहायला हवी तिचंही हाड झालेलं. हाडं कमी पडली नव्हती, फार लवकर झाली होती.

हे समजायला वाढत्या मुलाच्या गुडघ्याचा एक्स-रे डोळ्यांसमोर आणा. हाडाच्या टोकाजवळ एक काळी फट दिसते. आई-बाप घाबरून विचारतात, "फ्रॅक्चर आहे का?" ती ग्रोथ प्लेट, कूर्चेचा पातळ थर. उंची तिथे वाढते. सोळा वर्षांखालच्या क्रिकेटपटूंचं वय ठरवायला मनगटाचा एक्स-रे काढतात, तेव्हा अशाच फटी वाचतात. या थरात पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या रचलेल्या असतात. टोकाकडच्या विभागत राहतात. खालच्या विभागणं थांबवून फुगतात, अखेर त्यांच्या जागी हाड येतं. सगळ्या एकदम फुगल्या तर वाढ संपली. म्हणून फुगण्याच्या बेतातल्या पेशी वर निरोप धाडतात. तो पोचला की टोकाकडच्या पेशी पीटीएचआरपी सोडतात आणि त्याच्या पल्ल्यातल्या पेशी विभागत राहतात, फुगत नाहीत. पल्ल्याबाहेर सरकलेली पेशी फुगायला लागते आणि आता निरोप ती धाडते. पालखीच्या वाटेवर पुढची दिंडी मुक्कामाला टेकताना मागे कळवते ना, "तुम्ही इतक्यात टेकू नका," तसंच काहीसं. हे चक्र १९९६ मध्ये आंद्रेआ फोर्टकाम्प, क्लिफ टॅबिन, क्रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी मांडलं.

वर जाणाऱ्या त्या निरोपाचं नाव इंडियन हेजहॉग. त्यात आपलं कर्तृत्व काही नाही. हे जनुक बिघडलेली फळमाशीची अळी काट्यांनी भरलेली दिसते, म्हणून जर्मनीत क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांच्या १९८० च्या कामातून हेजहॉग हे नाव आलं. हेजहॉग म्हणजे मुठीएवढा काटेरी प्राणी. आपलं साळिंदर वेगळं. पुढे सस्तन प्राण्यांत त्याची तीन भावंडं निघाली. दोघांना हेजहॉगच्या जातींची नावं मिळाली, तिसऱ्याला व्हिडिओ गेमवरून सॉनिक.

पीटीएचआरपी आणखी एका ठिकाणी राबतं. बाळ अंगावर पीत असताना आईचे स्तन ते रक्तात सोडतात, आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं आणि दुधात जातं. दूध सुटलं की बहुतेक आयांची हाडं ते भरून काढतात. आता स्तनाचा कॅन्सर हाडांत का रुजतो, याकडे या बाजूने बघा. लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून लिहिलं होतं की बी कुठेही उडालं तरी रुजतं जमीन बघून. हाडाच्या जमिनीत काय आहे, ते शंभर वर्षांनी कळलं. गाठीच्या पेशी पीटीएचआरपी सोडतात. ते ऐकून हाड बांधणाऱ्या पेशी हाड कुरतडणाऱ्या पेशींना उठवतात. कुरतडलेल्या हाडातून टीजीएफ-बीटा नावाचा वाढीचा घटक मोकळा होतो, आणि तो गाठीला आणखी पीटीएचआरपी सोडायला लावतो. १९९६ मध्ये टेक्सासात थेरेसा गाइज आणि ग्रेगरी मंडी यांच्या गटाने उंदरांना या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी दिली, तर हाडं पोखरणं कमी झालं. आज वापरातलं डेनोसुमॅब याच साखळीची पुढची कडी तोडतं, कुरतडणाऱ्या पेशींना उठवणारी.

आता गुडघा. हेजहॉगचा निरोप नको तिथे सतत चालू राहिला तर त्वचेचा एक कॅन्सर होतो, आणि लहान मुलांत लहान मेंदूची एका प्रकारची गाठ. निरोप बंद करणारं व्हिस्मोडेगिब हे औषध अमेरिकेत २०१२ मध्ये त्वचेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. मेंदूची गाठ असलेल्या मुलांवरही ते वापरून पाहिलं गेलं. औषधाला गाठीतला निरोप आणि गुडघ्यातला निरोप वेगळा ओळखता येत नाही. काही मुलांच्या ग्रोथ प्लेट वेळेआधी बुजल्या; औषध थांबवल्यावरही बुजणं थांबलं नाही. म्हणून अशा औषधाचा विचार करताना मेंदूच्या एमआरआयशेजारी गुडघ्याचा एक्स-रेही लावतात आणि आधी बघतात, ती काळी फट अजून उघडी आहे का.