वाघोबाला शेंदूर

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये बिबट्या दिसतो तो बहुतेक वेळा सीसीटीव्हीत. फुटेज सोसायटीच्या ग्रुपवर पडतं आणि पाठोपाठ मागणी येते, पिंजरा लावा! टॉवरमागच्याच डोंगराच्या पोटात, येऊरच्या आदिवासी पाड्यांकडे, त्याच बिबट्यापुढे नारळ फुटतो.

वारली मंडळींना वाघ काय, बिबट्या काय, दोघंही वाघोबाच. त्याचं देऊळ म्हणजे बहुधा झाडाखाली उभा केलेला दगड, नाहीतर लाकडी फळी. तीवर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, आणि शेंदराचे थर इतके की वाघाचे पाय शोधावे लागतात. आपण वसुबारस करतो, त्याच दिवशी वाघबारस. कोंबडं दाखवायचं आणि मागायचं काय, तर गुराढोरांना, पोराबाळांना सांभाळ. वाघाला इथून घालव, असं मागणं त्यात नसतंच. रान त्याचंही आहे, हे आधीच कबूल.

मला या पूजेतली भीती फार मोलाची वाटते. आपलं निसर्गप्रेम बरंचसं उपवन तलावाच्या काठावर सेल्फी काढण्यापुरतं. त्यात धास्ती नाही, म्हणून पथ्यही नाही. वारल्यांकडे पहिल्या पावसात उगवलेली कोवळी रानभाजी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. केवढंसं पथ्य, पण तेवढ्यात रानाला वाढायला उसंत मिळते.

कोळ्यांचंही तेच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला सरकारी बंदी असते, पण मासळीच्या विणीच्या दिवसांत दर्याला न छेडण्याचा रिवाज त्याहून कितीतरी जुना. मग नारळी पौर्णिमेला चेंदणी कोळीवाड्यातून सोनेरी नारळ वाजतगाजत निघतो, खाडीला अर्पण होतो, आणि तिथून पुढे होड्या.

ही खाडी म्हणजे फ्लेमिंगोंची खाडी. 2022 साली तिला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आणि तिच्याच पुलावर गाडी थांबते, काच खाली होते, निर्माल्याची गच्च भरलेली प्लास्टिकची पिशवी भिरकावली जाते. वर हातही जोडतात, बरं का! ती पिशवी भरती-ओहोटीत फिरत राहते आणि कधीतरी कोळ्याच्या जाळ्यात येते. मासळी निवडायच्या आधी त्याला ती सोडवत बसावं लागतं.