कापलेला कर आणि कारणाचा कागद

नमस्कार श्रोतेहो.

मी करसल्लागार. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागाईतदार काका एकदा माझ्याकडे आले. हातात कृषी सेवा केंद्राची पिशवी, आत बँकेच्या ठेवपावत्या आणि दवाखान्याची कार्डं. म्हणाले, "साहेब, शेतीला टॅक्स नाही म्हणतात, मग बँकेनं माझे पैसे कापले कशाला?"

शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही हे खरं, पण शेतीचा पैसा ठेवीत टाकला की त्याचं व्याज शेतीचं राहत नाही. बँक त्यावर दहा टक्के टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच आगाऊ कर, कापते, आणि पॅन चालू नसेल तर वीस. काकांना वर्षाला एक लाख साठ हजार व्याज, त्यातले सोळा हजार कापलेले. त्यांना मुळात कर लागतच नव्हता. वय साठीच्या पुढचं, तेव्हा 'मला कर लागत नाही' असं सांगणारा १५एच फॉर्म वेळेत दिला असता तर बँकेनं काही कापलंच नसतं. तो दिला नाही, आणि रिटर्नही भरलं नाही. अशी तीन वर्षं गेली.

कापलेला पैसा आपोआप परत येत नाही, रिटर्न भरून मागावा लागतो. रिटर्नची मुदत उलटून गेली असेल, तर आधी विलंबमाफीचा अर्ज करायचा. नवा आयकर कायदा आला असला, तरी जुन्या वर्षांना अजून १९६१चाच कायदा लागतो, आणि त्याच्या कलम ११९(२)(ब) मध्ये ही सोय आहे. १ ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष, संपल्यापासून पाच वर्षांच्या आत हा अर्ज करता येतो. म्हणजे २०२१-२२ हे करनिर्धारण वर्ष असेल, तर ३१ मार्च २०२७ पर्यंत. एक कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय आयुक्तांच्या पातळीवर होतो. अर्ज आयकर खात्याच्या पोर्टलवरून जातो, त्यासाठी नाशिकला गडकरी चौकातल्या आयकर कार्यालयात हेलपाटे घालायची गरज नाही. उशिरा मागितलेल्या परताव्यावर व्याज मात्र मिळत नाही.

आता कारणाचं. उमेदवारीच्या काळात मी एकाच्या अर्जात "वैयक्तिक अडचणींमुळे" एवढंच लिहिलं होतं. अर्ज फेटाळला गेला, आणि चूक माझीच होती. आयुक्तांना अडचण दिसावी कशी? काकांच्या वेळी मी दवाखान्याची कार्डं टेबलावर तारीखवार मांडली. काकूंचं मुंबईत ऑपरेशन कधी, घरी कधी सोडलं, पुन्हा कधी नेलं. रिटर्नची मुदत नेमकी त्या तारखांच्या मध्ये पडत होती. तेवढंच लिहिलं, कार्डांच्या प्रती जोडल्या. प्रत्येक वर्षाचा अर्ज वेगळा.

दंड आणि व्याजाची गोष्ट निराळी. महापालिका घरपट्टीच्या शास्तीत अधूनमधून सवलत देते, त्यामुळे आपल्याकडे लोक आयकरातही अभय योजनेची वाट बघत बसतात. कृपा करून बसू नका. कराची डिमांड, म्हणजे खात्यानं नोटीस देऊन मागितलेली रक्कम, मुदतीत भरली नाही, तर महिन्याला एक टक्का व्याज चढत राहतं. ते माफ व्हायला तीन गोष्टी लागतात: भरताना खरोखर ओढाताण होणार असेल, थकण्याचं कारण तुमच्या हातातलं नसेल, आणि चौकशीत तुम्ही सहकार्य केलेलं असेल. यातली एक जरी लंगडी पडली, तरी अर्ज टिकणं अवघड.

उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड तर त्या उत्पन्नावरच्या कराच्या निम्मा असतो. त्यातून सुटायची वाट आहे, पण अरुंद. कर आणि व्याज मुदतीत भरायचं, अपील करायचं नाही, आणि करनिर्धारणाचा आदेश ज्या महिन्यात मिळाला तो संपल्यापासून एका महिन्यात फॉर्म ६८ द्यायचा. मुद्दाम खोटी माहिती दिल्याचा ठपका असेल, तर २०२६ पर्यंत ही वाट बंदच होती. लोक खात्याचं पाकीट न फोडता देव्हाऱ्यात ठेवतात, हल्ली ईमेल उघडत नाहीत. महिना काय, निघून जातो.

काकांच्या दोन वर्षांना मंजुरी मिळाली. मग रिटर्न भरलं, तर परतावा बँकेतून उलटला, कारण खात्याचा आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, बदललेला. खातं पोर्टलवर पुन्हा पडताळलं, परतावा नव्यानं मागितला, तेव्हा बत्तीस हजार जमा झाले. तिसऱ्या वर्षी काकू बऱ्या होत्या, बागही चांगली आली होती. त्या वर्षाचं काय लिहू, असं मी विचारलं. काका थोडं थांबून म्हणाले, "ते राहू द्या साहेब. त्या वर्षी मी विसरलोच होतो."

नमस्कार.