कच्च्या बटाट्यावरचा फेस

मंडळी, मी व्याख्यानाला बटाटे घेऊन आलो म्हणून आयोजक जरा बुचकळ्यात पडले होते. दोनच आहेत, एक कच्चा आणि एक उकडलेला. दोन्हींची एकेक फोड या ताटल्यांत ठेवली आहे. ही बाटली मेडिकलच्या दुकानातली, जखम धुवायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडची. आता बघा. कच्च्या फोडीवर ओतलं, लगेच पांढरा फेस. उकडलेल्या फोडीवर ओतलं, काही नाही. साधं पाणी ओतावं तसं. मागच्यांना दिसत नसेल तर पुढच्यांनी सांगा.

फेस म्हणजे ऑक्सिजनचे बुडबुडे. पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करणारं एन्झाइम बटाट्यात असतं. एन्झाइम म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया झटपट घडवणारं प्रथिन. याचं नाव कॅटलेज. एन्झाइमला पाठ्यपुस्तकात विकर म्हणतात, पण माझ्या जिभेला तो शब्द वळत नाही, माफ करा. उकडल्यावर ते मोडतं, म्हणून दुसरी फोड गप्प. लहानपणी गुडघा फुटला की आई याच बाटलीतलं ओतायची आणि जखम फसफसायची. आम्हाला वाटायचं, औषध जंतूंना मारतंय. प्रत्यक्षात तो फेस आमच्याच रक्तातल्या कॅटलेजचा होता. त्याचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो.

आता एक खरी गोष्ट. 1946 साली जपानमधल्या ओकायामात शिगेओ ताकाहारा नावाचे कान-नाक-घशाचे सर्जन एका लहान मुलीवर शस्त्रक्रिया करत होते. सडलेला भाग काढला आणि नेहमीप्रमाणे जखमेवर पेरॉक्साइड ओतलं. फेस आलाच नाही. रक्त मात्र काळपट तपकिरी झालं. कुणालाही आधी वाटेल की बाटलीच चुकली. बाटली बरोबर होती. मुलीच्या रक्तातच कॅटलेज नव्हतं, आणि तिच्या काही भावंडांच्याही. तोंडातले काही जंतू पेरॉक्साइड तयार करतात. ते फोडणारं कुणी नसल्यामुळे हिमोग्लोबिन बिघडतं, ऑक्सिजन पोचत नाही आणि हिरड्या सडतात. पण मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं. कॅटलेज नसलेली कितीतरी माणसं अगदी ठणठणीत जगतात! कारण पेरॉक्साइड फोडणारी दुसरी एन्झाइमंही शरीरात आहेत. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज आहे, पेरॉक्सिरेडॉक्सिन आहेत. एक रजेवर गेला तर दुसरा काम ओढतो.

मुळात हे पेरॉक्साइड शरीरात येतं कुठून? श्वासातून घेतलेला ऑक्सिजन पेशीतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या खोल्यांत, वापरला जातो, तिथे थोडी सांडलवंड होते. सांडलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला चिकटले की सुपरऑक्साइड तयार होतं. ते निस्तरायला सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे एसओडी. पण ते काय करतं? सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं आणि पुढच्याच्या हवाली करतं. निम्मंच काम! एसओडीच्या गोळ्या विकणारे हे सांगत नाहीत. शिवाय एसओडी हे प्रथिन आहे, गिळलं तर पोटात वरणातल्या प्रथिनासारखंच पचून जाणार.

या एसओडीचा इतिहास मजेशीर आहे. 1938 मध्ये केंब्रिजला मान आणि केलिन यांनी बैलाच्या रक्तातून तांबं असलेलं एक निळसर प्रथिन वेगळं काढलं. ते काय काम करतं, कुणाला ठाऊक नव्हतं. 1969 मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड हा विद्यार्थी आणि त्याचे गुरू अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवलं की ते सुपरऑक्साइड निस्तरतं. म्हणजे 31 वर्षं बिचारं बिनकामाचं म्हणून कपाटात पडून होतं.

मग आजार आला की सगळ्यांनी याच्याकडे बोट दाखवायला सुरुवात केली. 1993 मध्ये कळलं की एएलएस या आजाराच्या काही कुटुंबांत एसओडी-1 चं, म्हणजे याच तांब्याच्या एसओडीचं, जनुक बिघडलेलं असतं. स्टीफन हॉकिंग यांना झालेला हाच आजार, त्यात स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. तर्क सरळ होता, एन्झाइम दुबळं म्हणून पेशी जळतात. मग ज्यांच्यात हे एन्झाइम मुळीच नाही असे उंदीर तयार केले. त्यांना एएलएस झालाच नाही. झालं असं होतं की बिघडलेलं प्रथिन चुकीच्या घड्या पडून गोळा होत होतं आणि तोच गोळा पेशीला बाधत होता. त्यामुळे 2023 मध्ये अमेरिकेत या प्रकारासाठी टोफर्सेन हे जे औषध मंजूर झालं, ते शरीरातलं एसओडी-1 कमी करतं. अँटिऑक्सिडंट, म्हणजे सुपरऑक्साइडसारखी द्रव्यं निस्तरणारं, एन्झाइम कमी करणारं औषध! मी शिकत असताना कुणी असं म्हटलं असतं तर आम्ही हसलो असतो.

मायटोकाँड्रियातलं दुसरं, मँगनीज असलेलं एसओडी काढून घेतलं तर मात्र उंदराची पिल्लं हृदय फुगून दहाएक दिवसांत मरतात. म्हणजे कोणतं एन्झाइम, कुठल्या खोलीत, हे बघायला हवं. नुसतं ‘अँटिऑक्सिडंट चांगले’ म्हणणं म्हणजे ‘पाणी चांगलं’ म्हणण्यासारखं आहे. प्यायला चांगलं, छातीत भरलं तर नाही.

शिवाय सुपरऑक्साइड, पेरॉक्साइड ही द्रव्यं शरीर मुद्दामही बनवतं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात आणि त्यावर सुपरऑक्साइडचा मारा करतात. काही मुलांत जन्मतःच हे यंत्र नसतं आणि त्यांना बुरशीचे, जंतूंचे गंभीर संसर्ग पुन्हापुन्हा होतात.

फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. बीटा कॅरोटिन या गाजरातल्या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग टळेल ही अपेक्षा होती. 1994 मध्ये निकाल आला, तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत तो 18 टक्के जास्त निघाला. अशीच एक चाचणी अमेरिकेत 1996 मध्ये मध्येच थांबवावी लागली. गाजर खाऊ नका असं मी म्हणत नाही, गाजर खा. व्यायामाने पेशीवर थोडा ताण येतो आणि त्याला उत्तर म्हणून ती आपली एन्झाइमं वाढवते. वरून क आणि ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस घेतला की हा निरोपच दबतो, असं 2009 च्या एका जर्मन प्रयोगात दिसलं.

शेवटी आपल्या घरातलं. जी-6-पीडी हे एन्झाइम स्वतः पेरॉक्साइड फोडत नाही, फोडणाऱ्याला रसद पुरवतं. घासणारा आहे पण साबण संपला, अशी त्याच्या अभावी गत होते. लाल पेशीला दुसरीकडून ही रसद मिळत नाही. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ही कमतरता जास्त आढळते. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्रास मुख्यतः मुलग्यांना. एरवी काही जाणवत नाही. पण मलेरियाची प्रायमाक्विनची गोळी पोटात गेली की लाल पेशी फुटतात, लघवी कोऱ्या चहासारखी होते. म्हणून ही गोळी सुरू करण्याआधी जी-6-पीडीची तपासणी झाली आहे का, ते विचारा.

आणि डांबरगोळ्या. बाळाला जुने, मऊ कपडे घालायची आपली रीत चांगलीच आहे. पण ते ट्रंकेतून नॅफ्थालिनच्या डांबरगोळ्यांसोबत आलेले असले आणि बाळाला ही कमतरता असली, तर नुसत्या वासाने आणि कातडीतून गेलेल्या अंशानेही कावीळ भडकू शकते. दुपटी, झबली, गोधड्या या गोळ्यांत ठेवूच नका. नवजात बाळ पिवळं दिसलं तर दवाखान्यात जाताना कपडे कुठून काढले होते, तेही डॉक्टरांना सांगा. ते आपणहून विचारतीलच असं नाही.